दाराचं रबर



फाटकाबाहेर उभी असलेली पांढरी पद्मिनी माझ्या बाबांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाटला १९७४ पासून हे नाव मिळालं. बाबा गेल्यावर पहिल्याच पावसात गाडीत पाणी शिरलं. उल्हासनगरहून दारांची नवी रबरं आणली आणि स्वतःच बसवली.

रबर थोडं आखूड वाटलं, म्हणून ताणून चिकटवलं. दिसायला झकास! महिन्याभरात ते आकसलं, कोपऱ्यातून सुटलं आणि बाबांनी जपलेल्या पत्र्याला गंज चढला.

दुसऱ्यांदा सावकाश केलं. जुनं सोल्यूशन खरवडलं, गंज घासला, रंग लावून पूर्ण वाळू दिला. रबर न ताणता, कोपऱ्यात किंचित सैल बसवलं. जोड खालच्या बाजूला घेतला. मग कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची; सहज निघाली तर तिथे फट आहे. दाराच्या तळाची छिद्रं मात्र बुजवायची नाहीत. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. नवं रबर काही दिवस कडक असतं, दार जोरात लावावं लागतं. म्हणून लगेच लॉकची जागा बदलू नये.

सर, कार्यशाळेच्या तासाला तुम्ही म्हणायचात, "मापाशी जबरदस्ती नको." तेव्हा आम्ही हसायचो. मला ते कळायला बाबांची गाडी गंजावी लागली.

या पावसाळ्यात आईला अंबरनाथहून बदलापूरला नेलं. उतरताना तिने पायाखालच्या चटईवर हात फिरवला. म्हणाली, "कोरडी आहे रे."