वस्ताद बदलतो तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या सातारा-सांगलीकडे पैलवान भेटला की नाव आणि गाव विचारून होतं, आणि तिसरा प्रश्न ठरलेला असतो : 'तालीम कुठली? वस्ताद कोण?' एवढं कळलं की त्याचा डाव कसा असेल, दम किती असेल, याचा अंदाज जुनी माणसं बांधून टाकतात. तालमीतले वस्ताद सहसा बदलत नाहीत. पोरं येतात, तयार होतात, जातात. वस्ताद तिथेच असतात.

आजच्या सांघिक खेळांत हे चित्र उलटं झालं आहे. खेळाडू जागेवर असतो आणि वस्ताद बदलत राहतो. त्याला आपण प्रशिक्षक म्हणतो, त्याच्याबरोबर चार-पाच सहायक असतात, सगळ्यांचे करार असतात, आणि निकाल बिघडला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. आज मला याच विषयावर बोलायचं आहे. विषय दिल्ली-बंगळूरचा वाटेल, पण आता तो आमच्या फलटण तालुक्याचाही झाला आहे.

तो कसा, ते सांगतो. आसू गावची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या शेतकरी घरांतल्या दोन मुली २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत ज्युनिअर हॉकी विश्वचषकात भारताकडून खेळल्या. भारत चौथा आला. वैष्णवी पुढे मोठ्या संघात गेली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक जिंकणाऱ्या संघात होती. आपल्याच सातारा जिल्ह्याची ऋतुजा पिसाळही भारतीय संघात पोहोचली. आणि सरडे गावचा प्रवीण जाधव तर टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी करून आला. म्हणजे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक बदलला, अशी चार ओळींची बातमी येते तेव्हा तिचा परिणाम आसूतल्या एखाद्या घरापर्यंत पोहोचतो.

आता महिला हॉकी संघाचं बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये हॉलंडचे शोर्ड मरिन मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात पुरुष संघाच्या प्रशिक्षकांना काढलं आणि मरिनना तिकडे हलवलं. महिला संघ हरेंद्र सिंग यांच्याकडे आला, आणि दोनच महिन्यांत त्यांच्या हाताखाली आशिया कपही जिंकला. पुढच्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत दोन्ही संघ पदकाविना परतले. लगेच मे २०१८ मध्ये दोघांची अदलाबदल झाली. मरिन पुन्हा महिलांकडे, हरेंद्र पुरुषांकडे. २०२१ मध्ये टोकियोत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवून चौथा क्रमांक मिळवला आणि मरिन घरी गेले. मग त्यांच्याच सहायक यानेक शॉपमन आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये पुन्हा हरेंद्र सिंग. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनीही वैयक्तिक कारण सांगून पद सोडलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा शोर्ड मरिन!

जरा मोजा. नऊ वर्षांत नेमणुका सहा आणि माणसं तीन. तालुक्याच्या कचेरीतल्या बदल्या यापेक्षा बऱ्या म्हणायच्या. यातला कोणीही नालायक नव्हता. प्रत्येकाच्या नावावर काहीतरी यश आहे. म्हणूनच प्रश्न पडतो, की माणूस चांगला होता तर काढला का, आणि वाईट होता तर परत का बोलावला?

प्रशिक्षक बदलला की मुलींच्या रोजच्या जगण्यात नेमकं काय बदलतं, हे बाहेरून दिसत नाही. एका प्रशिक्षकाला चेंडू आपल्याकडे ठेवून खेळणारा संघ हवा असतो, तर दुसऱ्याला समोरच्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणारा. पेनल्टी कॉर्नरच्या खुणा बदलतात. धावण्याचे निकष बदलतात. काल मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलीला आज बचावात उभं करतात. शिबिरात तीस-पस्तीस जणी असतात आणि मोठ्या स्पर्धेला जातात अठरा किंवा वीस. जुन्या प्रशिक्षकाला जिची जिद्द माहीत होती, तिला नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध व्हावं लागतं. आमच्या वैष्णवीचंच उदाहरण घ्या. ज्युनिअर विश्वचषकात एरिक वोनिंक, मोठ्या संघात शॉपमन, मग हरेंद्र सिंग. एप्रिल २०२२ ते सप्टेंबर २०२५ च्या आशिया कपपर्यंत तीन मुख्य प्रशिक्षक आणि तीन पद्धती झाल्या. खेळाडूच्या उमेदीची वर्षं आठ-दहा. त्यांत दर दोन वर्षांनी पाटी पुसली, तर ती बिचारी लिहिणार कधी?

बदल करूच नये, असं मी म्हणत नाही. कधी करावा लागतो. पण कधी थांबावंही लागतं. मुंबईचे अमोल मुझुमदार यांचं उदाहरण ताजं आहे. भारतीय महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षक रमेश पोवार यांना डिसेंबर २०२२ मध्ये हलवलं. त्यानंतर जवळजवळ दहा महिने मुख्य प्रशिक्षकाची जागा कायमची भरलीच नव्हती, आणि त्याच काळात संघ टी-ट्वेंटी विश्वचषकही खेळून आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार आले. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ गटातच गारद झाला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात तर ओळीनं तीन सामने हरला. 'हा माणूस कधी भारताकडून खेळलेला नाही, तो काय शिकवणार?' असं बोलणारे होतेच. पण त्यांना ठेवलं, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुली जगज्जेत्या झाल्या.

प्रशिक्षक बदलण्याचा कारखानाच बघायचा असेल, तर अमेरिकेत बघा. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. एकेका संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा वेगळा, बचावाचा वेगळा, एकेका जागेचा वेगळा, असे डझनावारी प्रशिक्षक असतात. साखळी सामने संपले की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काढून टाकण्याच्या बातम्या सुरू होतात. तिकडे त्या दिवसाला 'काळा सोमवार' असंच नाव पडलं आहे. मुख्य माणूस गेला की त्याच्याबरोबर हाताखालचेही बहुतेक जातात. बिऱ्हाडं हलतात, पोरांच्या शाळा बदलतात.

पण त्याच लीगमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स नावाचा संघ आहे. त्यांनी १९६९ साली चक नोल यांना नेमलं. पहिल्या वर्षी चौदा सामन्यांपैकी एक जिंकला आणि तेरा हरले. आपल्याकडे एवढं झालं असतं तर गावच्या यात्रेतही त्या माणसाला कोणी नारळ फोडू दिला नसता! मालकांनी मात्र नोल यांना ठेवलं. पुढे त्यांनी चार वेळा अंतिम विजेतेपद मिळवून दिलं. १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत, म्हणजे सत्तावन्न हंगामांत, त्या संघाला मुख्य प्रशिक्षक झाले ते तीनच. आणि तिघांनीही विजेतेपद आणलं. जिथे माणसं काढणं सगळ्यांत सोपं आहे, तिथेच धीर धरणारेही आहेत, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

आता पुन्हा आपल्या तालुक्याकडे येतो, कारण बदल वाईट रीतीनं कसा होतो, हे आमच्या प्रवीणनं जवळून पाहिलं. प्रवीण हा मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाच्या वाटेवर आणलं. तिथून क्रीडा प्रबोधिनी, मग सैन्यदलाची पुण्यातली क्रीडासंस्था. २०१९ साली जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्यपदक, आणि मग टोकियो. अशा मुलाच्या घडणीत गुरू बदलत जातात, ते योग्यच असतं, कारण प्रत्येक जण त्याला पुढच्याच्या हाती सोपवत असतो.

पॅरिसला काय झालं? तिरंदाजांना तयार करायला कोरियाचे बेक वूंग की यांना आणलं होतं. ते संघाबरोबर फ्रान्समध्ये पोहोचले, आणि ऐन ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांना परत पाठवलं. कारण मैदानात जाण्याचं अधिकृत ओळखपत्र त्यांना मिळालंच नव्हतं. प्रवीणचा संघ उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानकडून हरला. गुरू असते तर जिंकलेच असते, असं कोणी म्हणू नये. पण कुस्तीच्या आदल्या दिवशी वस्तादाला फडाबाहेर काढलं तर पैलवानाच्या मनाचं काय होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

आणि बदल चांगल्या रीतीनंही होतो. शॉपमन बाहेरून आल्या नव्हत्या. जानेवारी २०२० पासून त्या मरिन यांच्याच हाताखाली काम करत होत्या. मुलींच्या खोडी-खुबी त्यांना ठाऊक होत्या. म्हणून मरिन गेले तरी घडी मोडली नाही. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धेत सोळा वर्षांनी महिला हॉकीचं पदक आलं. अपयश आलं ते जानेवारी २०२४ मध्ये. रांचीच्या पात्रता स्पर्धेत जपानकडून एका गोलनं हरलो आणि पॅरिसची वाट बंद झाली. त्यानंतर शॉपमन यांनी जाहीरपणे सांगितलं, की बाई म्हणून इथे आपल्याला मान मिळाला नाही. हॉकी इंडियानं ते नाकारलं. खरंखोटं काहीही असो, तो निरोप गोड नव्हता.

पण याला एक पुढचा भाग आहे. वर्षभरानं, २६ जानेवारी २०२५ ला, त्याच रांचीत महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा क्लबला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल केले आपल्या ऋतुजा पिसाळनं, आणि वॉरियर्सच्या प्रशिक्षक होत्या यानेक शॉपमन! ज्या गावात त्यांचं स्वप्न मोडलं, तिथेच सातारा जिल्ह्याच्या मुलीनं त्यांना करंडक मिळवून दिला.

तेव्हा श्रोतेहो, माझं म्हणणं थोडक्यात असं. प्रशिक्षक नेमताना त्याला एका ऑलिंपिकपासून दुसऱ्या ऑलिंपिकपर्यंतची मुदत द्यावी आणि मधल्या एखाद्या हरण्यानं बिथरू नये. बदलायचाच असेल तर मोठी स्पर्धा संपल्यावर बदलावा, तोंडावर नव्हे. मुख्य माणूस गेला तरी हाताखालचे एक-दोन जण ठेवावेत, म्हणजे नव्याला कोणीतरी सांगायला असतं, की ही मुलगी शांत दिसते पण दमत नाही. मरिन परत आले तेव्हा टोकियोच्या वेळचे तंदुरुस्तीतज्ज्ञ वेन लोम्बार्ड यांनाही पुन्हा बोलावलं, हे म्हणूनच बरं झालं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बदलाचं कारण मुलींना समोर बसवून सांगावं. त्यांना ते सकाळच्या पेपरातून कळू नये.

हे दिल्लीला सांगता सांगता थोडं घरातही बघू. आपल्या शाळा-शाळांत खेळाचे शिक्षक आहेत. एखाद्या सरांची मुलांवर चार वर्षं मेहनत होते, आणि बदलीचा कागद येतो. नवे सर येतात, ते दुसऱ्या खेळाचे असतात, आणि मैदानावर गवत वाढतं. निदान जाणाऱ्या सरांनी येणाऱ्यांच्या हाती मुलांची यादी द्यावी, कोण काय करू शकतं ते सांगावं, आणि गावानं ते मैदान राखावं. सरडे गावच्या शाळेत एका शिक्षकाचं लक्ष एका किरकोळ अंगाच्या पोरावर गेलं आणि तो दोन ऑलिंपिक खेळला. असं पोर पुढच्या वर्गातही बसलेलं असेल. सर बदलले म्हणून ते मागे राहू नये.