मोहाखाली अंथरलेलं लुगडं

बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

२०१९ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात वणवे पेटले, ते २०२० उजाडलं तरी जळतच होते. तीन हजारांवर घरं गेली. जनावरांचा तर हिशोबच नाही. कांगारूचं पिल्लू आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतं. आया गेल्या, पिल्लं मागे राहिली. तेव्हा देशोदेशीच्या बायांनी त्यांच्यासाठी कापडाच्या पिशव्या शिवून पाठवल्या. पिल्लं सांभाळणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, आतलं कापड सुतीच घ्या, आत सुटे धागे ठेवू नका, नखं अडकतात. पुढे इतक्या पिशव्या आल्या की आता पुरे, असं सांगावं लागलं!

आमच्या गटातली आजी म्हणाली, "विचारून शिवलं, हे बरं केलं." तिला त्याच २०२० चा ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर आठवत होता. मदतीत कपड्यांचे गठ्ठे आले, खाली अंथरायला कोरडी गोधडी मात्र मिळेना.

वणवा आपल्यालाही नवा नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन मजूर गेले. ती कशानं लागली, तो आजचा विषय नाही. पण मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला आपणच पेटवतो, हे काही खोटं नाही. आम्हीही पेटवला आहे. वारा सुटला की ती आग आपल्या हातात राहत नाही.

म्हणून आम्ही पाला जाळणं सोडलं. खराट्यानं जागा झाडायची आणि जुनी लुगडी जोडून शिवलेली चादर अंथरायची. तीन लुगडी लांबीला लांबी लावून दुहेरी टाक्यानं जोडली की मोठी चादर होते. चारी कोपऱ्यांना नाडे लावायचे, नाहीतर वाऱ्यानं गोळा होते. दगड ठेवून चालतं, पण फुलं उचलताना दगडच आधी हाताला लागतो. पातळ सिंथेटिक लुगडं दवात लवकर वाळतं, सुती जड होतं. फुलाला माती लागत नाही, म्हणून व्यापारी भावात कटकट कमी करतो. झाडणं मात्र रोजचंच, त्यात सुटका नाही.

एका एकट्या म्हातारीकडे द्यायला लुगडंच नव्हतं. एक अंगावर, एक दोरीवर. तिच्या मोहाखाली तीन घरांची लुगडी गेली. हंगाम संपल्यावर ती टोपलीभर वाळलेली फुलं घेऊन आली. नको म्हटलं तर रुसली. मग घेतली.

फाल्गुनाच्या आत शिवायला बसायचं आहे. जुनं लुगडं द्यायचं असेल तर धुऊन आणा, आणि जरीचा काठ आधी काढून ठेवा, सुई मोडते.