आधी कागद, मग प्रेरणा



शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच, नाटक, गाणं यांना रंगमंच मिळतो, टाळ्याही मिळतात. चित्रं मात्र व्हरांड्याच्या भिंतीवर मुकाट टांगलेली असतात आणि येणारे-जाणारे त्यांच्यापाशी क्षणभर रेंगाळून पुढे जातात. म्हणून मला दिलेला वेळ मी चित्रांसाठी आणि ती काढणाऱ्यांसाठी वापरणार आहे. चित्रकाराची मुलाखत असली की एक प्रश्न हमखास येतो : तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. आधी मनात काहीतरी लख्ख चमकतं आणि मग हात चालू लागतो, असं ते गृहीत आहे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. चित्रकार आधी कागदासमोर बसतो, रोज बसतो, बहुतेकदा त्याच त्या गोष्टीसमोर बसतो. आणि ज्याला आपण प्रेरणा म्हणतो ती त्या बसण्यातून येते. तुम्हा विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण ‘सुचलं की काढू’ म्हणून वही मिटून ठेवतात. त्यांच्यासाठी हा क्रम सरळ करणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

याचा पुरावा शोधायला नाशिकच्या पंचवटीबाहेर जायची गरज नाही. गोदाघाटाची निसर्गचित्रं हा नाशिकच्या चित्रकारांचा जणू घरचा विषय आहे. शिवाजी तुपे यांनी या शहराचे घाट, मंदिरं, वाडे रेखाटले. राजेश सावंत आणि प्रफुल्ल सावंत या भावांनी नाशिकचं जलरंगचित्रण जगभरच्या रसिकांपर्यंत पोहोचवलं. घाट तोच, नारोशंकराचं देऊळ तेच, दुतोंड्या मारुती तोच. मग इतकी चित्रं झाल्यावर विषय संपला कसा नाही? कारण घाटावर बसून जलरंगात काम करणाऱ्यासमोर खरा विषय असतो उजेड, आणि उजेड बसून राहत नाही. दीड-दोन तासांत पायऱ्यांवरच्या सावल्या जागा सोडतात. थंडीतल्या सकाळी पहिला वॉश वाळता वाळत नाही. मे महिन्यात दुसरा फटकारा मारेपर्यंत पहिला सुकून गेलेला असतो. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. पाण्यावरची चमक दाखवायला पांढरा रंग लावत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात. म्हणजे रंगवायला सुरुवात करायच्या आधीच, कुठे रंगवायचं नाही हे माहीत असावं लागतं.

काळाराम मंदिराचंच बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे मंदिर काळ्या पाषाणाचं आहे, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तरीही चित्र काढताना काळ्या रंगाची ट्यूब उघडली की मंदिर मेलंच म्हणून समजा. कागदावर नुसता डाग उरतो. जाणते चित्रकार बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू एकत्र करतात. त्यात तांबूस जास्त झाला की उन्हातला दगड मिळतो, निळा जास्त झाला की सावलीतला. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी त्याचं तोंड तांबूस होतं आणि दुपार कलली की तोच दगड निळसर दिसू लागतो. आता मला सांगा, ‘काळा दगड काळा नसतो’ हे ज्ञान प्रेरणेने मिळेल का? ते दहाव्या, विसाव्या, पन्नासाव्या बैठकीत मिळतं. आणि एकदा मिळालं की पुढचं चित्र आपोआप खुणावू लागतं. त्या खुणावण्यालाच लोक प्रेरणा म्हणतात.

हे नाशिकपुरतं खरं आहे असंही नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये नाव कमावून गावी परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हीच पाण्याची ठिकाणं आयुष्यभर रंगवत राहिले. फ्रान्समध्ये क्लोद मोने यांनी 1892 ते 1894 या काळात रूआँ शहरातल्या एका चर्चचा दर्शनी भाग तीसहून अधिक वेळा रंगवला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण एकाच जागेला पुन्हा पुन्हा सामोरं जाण्याची दोघांची रीत एकच होती. आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांनीही हेच धरलेलं आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्यांना स्मरणचित्राचा धसका असतो. स्मरणातून काढायचं म्हणजे आधी स्मरणात साठवलेलं असायला हवं. ज्याने भाजीवालीच्या बसण्याची ढब कधी न्याहाळलेली नाही, त्याच्या चित्रातल्या सगळ्या भाजीवाल्या सारख्याच बसतात. कल्पनाशक्ती कमी पडली असं आपण म्हणतो. कमी पडलेलं असतं ते पाहणं.

आता पहिला आक्षेप. कुणी म्हणेल, हे स्वतःच्या मर्जीने काम करणाऱ्या चित्रकाराचं झालं. मासिकांची, पुस्तकांची चित्रं काढणारा बोधचित्रकार तर दुसऱ्याच्या मागणीप्रमाणे काम करतो, त्याच्याकडे कसली आलीय प्रेरणा? बोधचित्रकाराला चित्रकारापेक्षा खालच्या पायरीवर बसवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती मला साफ चुकीची वाटते. उलट माझं म्हणणं सर्वांत ठळकपणे सिद्ध होतं ते इथेच. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं. दिवाळी अंकाची तारीख पुढे ढकलता येत नाही. सुचो न सुचो, मुखपृष्ठ वेळेवर छापखान्यात जायलाच हवं. अशा तगाद्यात दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी जे काम केलं, त्याने मराठी घरांना चित्राकडे पाहायला शिकवलं. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी मराठी साहित्यिकांची अर्कचित्रं काढली आणि जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाला चेहरा दिला. मुळात नसलेल्या माणसाला असा चेहरा द्यायचा, की वाचकाने म्हणावं, हाच तो!

शि. द. फडणीसांचं उदाहरण तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी 1925 मध्ये जन्मलेला हा चित्रकार शब्दाविना हसवणाऱ्या चित्रांसाठी ओळखला जातो. त्यांच्याकडे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांचं काम आलं. गणित! बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक. यापेक्षा रुक्ष मागणी कोणती असेल? पण अपूर्णांकाचं चित्र काढायचं म्हणजे आधी अपूर्णांक स्वतःला नीट समजला पाहिजे, मग तो आठ वर्षांच्या पोराला कुठे अडतो हे समजलं पाहिजे, आणि मग त्या अडचणीतली गंमत सापडली पाहिजे. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना गणिताच्या पुस्तकात पहिल्यांदा हसू आलं ते या चित्रांमुळे. मागणी बाहेरून आली होती. गंमत कामाला भिडल्यावर सापडली.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे : हे सगळं ठीक, पण चित्रकला ही उपजत देणगी आहे, ज्याच्या हातात आहे त्याच्या आहे. हातात फरक असतो हे मी नाकारत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या रेषा सारख्या येत नाहीत. पण देणगी असूनही चित्र न होणं आणि चित्र होणं, यांतला फरक देणगीने समजत नाही. वारली चित्रांकडे बघा. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, शेणामातीच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणं हा वारली स्त्रियांचा मान होता. चित्र लग्नाच्या निमित्ताने होई. डहाणूच्या गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते रोज काढायला सुरुवात केली. रोज काढू लागल्यावर चौकाबाहेरचं जग चित्रात शिरलं : मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर. ते 2011 मध्ये पद्मश्री झाले. ज्यांच्या हातात ही कला पिढ्यान्‌पिढ्या होती त्या बायकांच्या हाताचं ऋण या कामावर आहेच, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण ती कला इतकी विस्तारली याचं कारण ती नित्याची झाली.

आपल्या जिल्ह्यातलाच आणखी एक दाखला देतो. दादासाहेब फाळके 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले. चित्रपटाकडे वळण्याआधी ते जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जे केलं ते मला अधिक शिकवणारं वाटतं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघणाऱ्याला दाणा फुटून वेल चढताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचं नाव. कुंडीतल्या वाटाण्यात काय प्रेरणा असणार? पण रोज त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून बघण्याचा नेम होता, आणि त्या नेमातून झालेला लघुपट पाहून लोकांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल दिलं.

तिसरा आक्षेप माझ्याच म्हणण्यातून निघतो आणि तो मी टाळणार नाही. त्याच जागेसमोर पुन्हा पुन्हा बसल्याने हात सरावतो, आणि सरावलेला हात आंधळाही होऊ शकतो. गोदाघाटाची साचेबंद चित्रं भरपूर आहेत : भगवी कफनी, दोन कबुतरं, पाण्यात देवळाचं प्रतिबिंब, झालं चित्र. ही पुनरावृत्ती आहे, पाहणं नव्हे. पाहणं म्हणजे समोरच्या गोष्टीचं पुरतं ओझं घेणं. काळाराम मंदिराच्या ज्या दारांवर सकाळचं ऊन सुंदर पडतं, तीच दारं 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी आलेल्या हजारो सत्याग्रहींसमोर बंद करण्यात आली. माणसं बाहेर बसून राहिली. हा लढा पुढे काही वर्षं चालला. हे माहीत असलेला चित्रकार आणि माहीत नसलेला चित्रकार यांनी काढलेलं दार सारखं असेल असं मला वाटत नाही. सत्याग्रहाचं चित्रच काढा असं मी म्हणत नाही. उंबऱ्याची उंची, दाराचा जाडपणा, बाहेरच्या मोकळ्या जागेची रुंदी या गोष्टींकडे त्याची नजर वेगळ्या तऱ्हेने जाईल, एवढंच. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये चित्र घडतानाच्या विचाराविषयी मराठीत लिहून ठेवलं आहे. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, पिन अशा अगदी मामुली वस्तू येतात, पण त्या सवयीच्या राहिलेल्या नसतात. सराव आणि सवय यांतली रेघ ज्याला सांभाळता आली, त्याचंच पुढचं चित्र ताजं राहतं.

शेवटचा आक्षेप आजचा आहे आणि तो तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. दोन ओळी लिहिल्या की यंत्र काही क्षणांत गोदाघाटावरच्या रामकुंडाचं चित्र करून देतं. मग उन्हात बसायचं कशाला? बोधचित्रकारांच्या पोटावर यामुळे पाय येतो आहे, ही गोष्ट गंभीर आहे आणि तिला माझ्याकडे गोड उत्तर नाही. मुखपृष्ठाचं काम फुकटात उरकण्याचा मोह प्रकाशकांना होणार. वाचकांनी आणि संपादकांनी तो रोखला पाहिजे, चित्रकाराचं नाव आणि मानधन यांचा आग्रह धरला पाहिजे. पण तुम्हा विद्यार्थ्यांपुरतं बोलायचं तर हिशेब वेगळा आहे. यंत्र चित्र देईल. घाटावर बसण्याच्या दोन तासांत तुमच्या नजरेत जो बदल झाला असता तो देणार नाही. आणि त्या चित्रात पायऱ्या चुकल्या आहेत, सावली भलत्या बाजूला पडली आहे, हे ओळखायलाही घाट पाहिलेला डोळाच लागतो.

घाट स्वतः पाहून काढण्याची ही गोष्ट नाशिकला आत्ता विशेष लागू आहे. 2027 मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची शाहीस्नानं आहेत. त्याच्या तयारीत घाट, रस्ते, पूल यांचं रूप बदलतं. दर सिंहस्थात ते बदलत आलं आहे. रामकुंडाच्या परिसरातली काही जुनी कुंडं मधल्या काळात काँक्रीटखाली झाकली गेली. ती कशी होती हे शोधताना लोक जुने नकाशे, जुनी छायाचित्रं आणि जुनी चित्रं धुंडाळतात. म्हणून या शाळेला माझी एक विनंती आहे. कलाशिक्षकांनी दर रविवारी सकाळी मुलांना घाटावर न्यावं. प्रत्येकाने एकच जागा धरावी, एखादी दीपमाळ, एखादा जिना, भांडीबाजाराच्या बाजूने दिसणारा एखादा वाडा, आणि पुढच्या स्नेहसंमेलनापर्यंत तीच जागा काढत राहावी. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि वेळ लिहावी. पुढच्या वर्षी व्हरांड्यात त्या वह्या मांडा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उघड्या ठेवा. वहीला साठ रुपये पडतात, पेन्सिल तुमच्याकडे आहे, आणि घाट इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उद्या रविवार नसला तरी चालेल, उद्याच जा.