जुनी डिझेल पिकअप घेतांना

घरांतील एखादा तरुण भाजीपाल्याची किंवा घरसामानाची वाहतूक करूं म्हणतो, आणि नव्या गाडीची किंमत ऐकून सर्वांची दृष्टि जुन्या डिझेल पिकअपकडे वळते. हा विचार गैर नाहीं. नीट राखलेलें डिझेल इंजिन दीर्घकाळ इमानानें चाकरी करतें. परंतु तें बिघडलें म्हणजे खर्च असा वाढतो कीं, जी गाडी घर पोसावयाची तिलाच घर पोसूं लागतें. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं काय पाहावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम इंजिनाचें तत्त्व ध्यानांत घ्यावें. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन ठिणगीनें पेटतें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगी नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती तापून तिच्यांत सोडलेलें इंधन आपोआप पेटावें. अर्थात् दाब हाच या यंत्राचा प्राण होय. पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले कीं दाब गळतो. हें वैगुण्य थंड इंजिन सुरू करतांना उघड होतें, तापलेल्या इंजिनांत झांकलें जातें. म्हणून परीक्षेस सकाळीं जावें आणि किल्ली फिरविण्यापूर्वीं बॉनेटवर हात ठेवावा. तें गरम लागलें तर त्या दिवशींची परीक्षा व्यर्थ समजून दुसऱ्या दिवशीं पुन्हा जावें.

गाडी सुरू होतांच एकानें मागें उभें राहून धूर पाहावा. थंडींत क्षणभर पांढरा धूर आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरहि तो राहिला तर न जळलेलें डिझेल किंवा सिलिंडरांत शिरणारें पाणी यांचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल तर थोडक्यांत भागतें. इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला असेल तर मोठा खर्च आला. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांतील इंजेक्टर फार नाजूक असतात. पाणी किंवा कचरा मिसळलेलें डिझेल त्यांचा घात करतें.

मग इंजिन चालू असतांनाच ऑईल भरण्याचें झांकण सैल करावें. तेथून धुराचे जोरदार फुसकारे येऊं लागले, तर गॅरेजवाले ज्यास ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तें हेंच. ऑईल काळें दिसलें म्हणून घाबरूं नये, डिझेल इंजिनांत तें लवकरच काळें होतें; पण दुधाच्या चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें असें समजावें. रेडिएटरचें झांकण मात्र इंजिन थंड असतांनाच उघडावें. आंत तेलाचा तवंग असल्यास बहुधा हेड गॅस्केट गेलेलें असतें.

इंजिन दुरुस्त होतें. कुजलेली चासी मात्र सहसा सुधारत नाहीं. म्हणून हौद्याखालीं वांकून पाहण्याचा संकोच करूं नये. बसलेले किंवा मागाहून वाढविलेले कमानपाटे अतिभाराची कथा सांगतात; ते जेथें चासीस जोडलेले असतात तेथील तडा आणि वेल्डिंग विशेष बारकाईनें पाहावें. कोंकणांत मासळी वाहिलेली गाडी असेल तर खारें पाणी झिरपून आलेला गंज शोधावा. पत्र्यावर लांबी भरून रंग दिला असेल तर लोहचुंबक तेथें नीट चिकटत नाहीं.

रिकाम्या गाडीची चाचणी अर्धीच होय. थोडें ओझें भरून ती चढावर न्यावी. इंजिनाचा आवाज वाढूनहि वेग वाढत नसेल तर क्लच झिजला आहे. गियर आपोआप सुटत असेल तर गियरबॉक्स जुनाट झाला आहे. किलोमीटरच्या आंकड्यावर विसंबूं नये. आंकडा थोडा आणि पेडलचें रबर गुळगुळीत, तर रबरावरच विश्वास ठेवावा.

शेवटीं कागदपत्रें. इंजिन व चासी यांवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशीं स्वतः ताडावे. कर्जाचा बोजा, थकलेला कर, दंडाचीं चलनें व विमा यांची चौकशी करावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षीं घ्यावें लागतें; तें संपलें असल्यास पुढील दुरुस्तीचा भार घेणाराच्या माथीं येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें घेणारानें मालकीबदलाची सूचना ३० दिवसांत द्यावयाची असते. तेथें आळस करूं नये.

विक्रेत्याशीं संबंध नसलेला एखादा अनुभवी मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी हा खर्च नव्हे, विमाच होय. आणि थंड गाडी दाखविण्यास जो विक्रेता कांकूं करतो, त्याचा नम्रपणें निरोप घ्यावा. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें. परंतु जो तपासून घेतो, त्याला फसविणें जगास इतकें सोपें नाहीं.