शिताफीने, सफाईने, लीलया

‘पोलिसांनी शिताफीने सापळा रचून आरोपीला जेरबंद केले.’ रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे वाक्य पाठच असते. शिताफी हा शब्द आता जवळजवळ पोलीस खात्याच्याच नोकरीत आहे. मूळ फारसी ‘शिताब’ म्हणजे घाई. मराठीत त्या घाईला चातुर्याची जोड मिळाली. त्यामुळे शिताफीला समोर कोणीतरी लागतो: ज्याला गाठायचे, चकवायचे किंवा ज्याच्या तावडीतून निसटायचे असा. सुनेने शिताफीने पुरणपोळी लाटली, असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर पोळी पळून चालली होती की काय, अशी शंका यायची.

काम उत्तम केले, एवढेच सांगायला मराठीत डझनभर क्रियाविशेषणे आहेत, पण एकाच्या जागी दुसरे सहसा बसत नाही. कोणते कुठे बसते हे कोशापेक्षा रायगडच्या किनाऱ्यावर लवकर कळते.

अलिबागच्या बाजारात कोलंबी सोलणारी कोळीण पाहावी. चिमटीने डोके पिरगळायचे, अंगठ्याने पोटाकडून साल उलगडायची, पाठीतला काळा दोरा न तोडता ओढून काढायचा. तोंडाने गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस चालूच असते आणि नजर हाताकडे नसतेच. इथे शब्द येतो ‘सफाईने’. ‘सराईतपणे’ हाही अर्थाने बरोबर आहे, पण सराईताच्या मागे गुन्हेगार इतक्या वेळा छापून आला आहे की तो शब्द बिचाऱ्या कोळणीला लावायला जीभ कचरते. तशी सफाईही अगदी निर्दोष नाही. पाकीटमारही हात साफ करतोच. आणि कोळणीला विचारले तर ती यातले एकही क्रियाविशेषण वापरणार नाही. ‘हात बसलाय’ म्हणेल आणि पुढची कोलंबी उचलेल. करणारा क्रियापदावर भागवतो, क्रियाविशेषण लागते ते बघणाऱ्याला.

श्रीवर्धनच्या वाडीत हे आणखी ठळक दिसते. पोफळीचे खोड सडसडीत आणि उंच. सुपारी पाडणारा पायांत दोरीचा फास अडकवून वर जातो, घड काढतो, मग अंगाच्या झोक्याने शेंडा हलवत शेजारचे झाड पकडतो आणि खाली न उतरताच त्यावर जातो. खाली उभा असलेला पाहुणा म्हणतो, ‘किती लीलया!’ लीला म्हणजे खेळ, आणि लीलया ही त्याची संस्कृत तृतीया, म्हणजे ‘खेळाने’. प्रत्यय शब्दातच आलेला असल्यामुळे ‘लीलयेने’ किंवा ‘लीलयापणे’ लिहिणे म्हणजे टोपीवर टोपी. शब्द सुरेख आहे, पण तो पूर्णपणे खालून बघणाऱ्याचा आहे. वर असलेल्याच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. मधली झाडे गेली की झोक्याने पलीकडे जाणे संपले. प्रत्येक झाडाला खाली उतरून नव्याने चढायचे. तिथे पाहुण्यालाही ‘लीलया’ सुचत नाही.

सरकारी पत्रके आणि बातमीपत्रे यांना मात्र सगळ्या कामांना एकच औषध सापडले आहे: यशस्वीरीत्या. शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या, चाचणी यशस्वीरीत्या, शिबिरसुद्धा यशस्वीरीत्या. तेही निम्म्या ठिकाणी ऱ्हस्व ‘रि’ घालून. रीतीची तृतीया ‘रीत्या’. ‘रित्या’ म्हणजे रिकाम्या, जशा रित्या घागरी. रेडिओवर हा फरक कानाला फारसा कळत नाही, एवढाच निवेदकांना दिलासा.

बोली मराठीला इतका लांब शब्द लागतच नाही. मुलगा चांगला पोहतो, मुलगी चांगली पोहते, पोरे चांगली पोहतात. क्रियाविशेषण हे अव्यय, ते बदलत नाही, असे शाळेत घोकून घेतात. इथे तर ‘चांगला’ पोहणाऱ्याबरोबर लिंग आणि वचन बदलत जातो. कौतुक क्रियेचे, पण चिकटते माणसाला.

पेण हे क्रियाविशेषणांच्या बाबतीत खरे श्रीमंत गाव. तिथे आणि जवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत वर्षभर गणपती घडतात. साच्यातून मूर्तीचे भाग निघतात, ते जोडले जातात, सांधा भरून ओल्या हाताने घासला जातो. सांधा कुठे होता हे नंतर सांगता आले नाही, तर जोड ‘बेमालूमपणे’ दिला. मालूम नाही ते बेमालूम. हे असे क्रियाविशेषण, की काम जितके चांगले तितके ते दिसेनासे होते. डोळ्यांची आखणी याच्या अगदी उलट. ती दिसण्यासाठीच असते आणि ती करणारे हात मोजकेच. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट तोलायचे, श्वास धरायचा आणि पापणीची रेघ एका ओढीत पुरी करायची. यासाठी मराठीने लेखणीकडून शब्द उसना घ्यावा: एकटाकी. टाक म्हणजे बोरूची किंवा पितळी लेखणी. मध्येच टाक उचलला, तर देवाची नजर फाटते.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ विणणाऱ्या बाईला शब्द हवा ‘निगुतीने’. पात तुटू न देता पेडात पेड गुंफायचा, त्यात घाई नाही, चकवाचकवी नाही, जपणे आहे.

आणि लाय पाटील? मोरोपंत पिंगळ्यांच्या जंजिऱ्यावरील मोहिमेत या कोळी सरदाराने रात्रीच्या अंधारात, सिद्दीच्या पहाऱ्याखाली, तटाला शिड्या लावल्या, अशी हकीकत सांगतात. मागून यायचे सैन्य वेळेवर पोहोचले नाही आणि शिड्या काढून घ्याव्या लागल्या. लावल्या त्या बेमालूमपणे म्हणाव्यात, की समोर शत्रू होता म्हणून शिताफीने? लीलया तर नक्कीच नव्हे, खाली समुद्र उसळत होता. शिवाजी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्यांना दिले आणि त्याचे नाव ठेवले ‘पालखी’.