बेडकांचं म्हातारपण

बेडूकही म्हातारे होतात. वय वाढतं तसा त्यांच्या मरणाचा धोका वाढतो. पण एकाच जातीचे बेडूक सगळीकडे सारख्याच वेगानं म्हातारे होत नाहीत.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या बेडूक आणि भेकांच्या चार जाती अभ्यासल्या होत्या. तळ्यावर येणाऱ्या बेडकांवर खूण करायची, त्यांना सोडायचं आणि पुढची अनेक वर्षं कोण पुन्हा सापडतं ते नोंदवायचं, अशी ही चिकाटीची पद्धत. त्यातून दिसलं, की उबदार प्रदेशातले बेडूक लवकर म्हातारे होतात आणि कमी जगतात. थंड प्रदेशातले सावकाश.

बेडकाच्या शरीराचं तापमान परिसरावर अवलंबून असतं. थंडीत त्याचे शारीरिक व्यवहार मंदावतात, हिवाळा तो निपचित पडून काढतो. उष्णतेत हेच व्यवहार वेगानं होतात आणि शरीर लवकर झिजत असावं.

आज जगातल्या सुमारे 41 टक्के उभयचर जाती धोक्यात आहेत. तापती पृथ्वी त्यांचं आयुष्यही आखूड करू शकते. म्हणून तळ्यात बेडूक किती, याबरोबर ते किती वर्षं जगतात, हेही मोजत राहायला हवं.