अनेक कामांची शिदोरी



आयुष्यात चार-पाच निरनिराळी कामे केलेल्या माणसाविषयी लोकांचे मत सहसा चांगले नसते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा वेळी हटकून ओठांवर येते. अलीकडे मात्र याच्या नेमका उलटा सूर लावला जातो. कोणतीही नोकरी टिकणार नाही हे गृहीत धरून तरुणांना सांगितले जाते, की वरचेवर काम बदलणे हेच प्रगतीचे लक्षण होय. या दोन्ही मतांची पारख खानदेशच्या मातीवरच करता येते. कारण साने गुरुजींच्या आयुष्यातील घडणीची वर्षे याच मातीत गेली.

कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. १९२४ साली ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, रात्री गोष्टी सांगणे ही कामे त्यांनी आपली मानली. मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते लिहीत. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. १९३० साली नोकरीचा राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले. व्यवहारी माणसाच्या हिशेबात येथे एक बरी चाललेली नोकरी संपली. पण त्या सहा वर्षांची खरी जमा पुढेच दिसू लागली.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राच्या हाती आला. बोलणाऱ्याच्या ओघाबरोबर धावणारी लेखणी तुरुंगात एका दिवसात तयार होत नसते. ती रोज रात्री मुलांसाठी दैनिक लिहिणाऱ्या शिक्षकाची लेखणी होती. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर सवंगड्यांना गोष्ट सांगावी, अशी त्याची मांडणी आहे. वसतिगृहात अंगवळणी पडलेली रीतच तेथे वाङ्मयाचे रूप घेऊन आली.

पुढचा प्रवासही असाच आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी आणि गिरणी कामगारांच्या हक्कांसाठी झटले. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ सुरू केले. शिक्षक, गृहपती, कैदी, प्रचारक, संपादक अशी ही मालिका आहे. यातील प्रत्येक काम पुढच्या कामाला आपली शिदोरी देऊन गेले.

मग नवे उपदेशक म्हणतात ते खरे, असे मानावयाचे काय? अर्थशास्त्र येथे सावधगिरीचा इशारा देते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला दिला. कामाची विभागणी केल्यामुळे दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करीत. पण त्याच ग्रंथात, जन्मभर एक-दोन क्रियाच करीत राहिलेल्या माणसाची बुद्धी मंदावते, असेही त्याने बजावून ठेवले आहे. गॅरी बेकरने १९६४ मध्ये कौशल्याचे दोन प्रकार सांगितले. एक प्रकार कोठेही उपयोगी पडणारा, दुसरा त्या एका कारखान्यापुरता. माणसाने काम बदलले की पहिले त्याच्याबरोबर जाते, दुसरे मागे राहते. मागे राहिलेल्याची किंमत मात्र मालक भरीत नाही. ती कामगाराच्या पदरी पडते.

खानदेशात हे डोळ्यांनी पाहता येते. येथील कापडगिरण्यांचा जमाना सरला. नुसत्या आवाजावरून मागाचा बिघाड ओळखणारा विणकर ज्या दिवशी कोठे रखवालदार झाला, त्या दिवशी त्याच्या अनेक वर्षांच्या विद्येचे मोल शून्य झाले. धुळे-जळगावकडचा भूमिहीन मजूर एका वर्षात कापूस वेचतो, ऊस तोडतो, वीटभट्टीवर राबतो आणि केळीचे घड वाहतो. विविध कामे करणारा याच्याइतका दुसरा कोण असेल? तरीही त्याची मजुरी प्रत्येक हंगामात पुन्हा तळापासून सुरू होते. पदवीधराने तीन नोकऱ्या बदलल्या तर तो अनुभव ठरतो. मजुराने तीन कामे केली तर ती केवळ वणवण ठरते. हा भेद हातातील कौशल्याचा नसून समाजाने दिलेल्या मान्यतेचा आहे.

गुरुजींच्या कामांतून कौशल्य साठत गेले, याची कारणे स्पष्ट आहेत. प्रत्येक बदल त्यांनी स्वतः निवडला होता. सर्व कामांमागे एकच हेतू होता. आणि प्रत्येक कामात जोडलेली माणसे पुढच्या कामात त्यांच्यापाशी राहिली. हंगामी मजुराला यातले काहीच लाभत नाही. मुकादमाची उचल त्याची निवड हिरावून घेते आणि स्थलांतर त्याची माणसे तोडते. म्हणून काम बदलण्याचे गोडवे गाण्यापूर्वी हा बदल कोणाच्या इच्छेने होतो, हे विचारले पाहिजे.

२०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत, पूर्वी कामातून मिळवलेले ज्ञान तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. कल्पना योग्य आहे. पण ज्या प्रमाणपत्राने मजुरीचा दर वाढत नाही, तो केवळ कागद होय. त्या कागदाला दर जोडून घेणे हे संघटनेचे काम आहे.

याची सुरुवात घरापासून व्हावी. पक्षाच्या कचेरीत कार्यकर्त्यांची नावे असतात, वर्गणी असते. त्यांनी पूर्वी काय काय केले, याची नोंद बहुधा नसते. सातबारा वाचता येणारा, पतपेढीचे हिशेब तपासलेला, मोटार बांधणारा, दवाखान्यात रात्रपाळी केलेली, असे साथी प्रत्येक तालुक्यात असतात. आणि त्यांच्या हाती वर्षानुवर्षे फक्त सतरंजी व घोषणांचा फलक दिला जातो. शिक्षकाच्या अंगी संपादक आणि गृहपतीच्या अंगी शेतकऱ्यांचा पुढारी दडलेला असू शकतो, हे अमळनेरने एकदा पाहिले आहे. प्रत्येक तालुका शाखेने अशी एक नोंदवही घालावी, आणि पुढच्या कामाची वाटणी ती उघडून करावी.